डोळ्यांनी न पाहिलेलं: देवाने नेमकं काय सिद्ध करून ठेवलंय?

मोहरी_दाणा (धागालेखक)

जय ख्रिस्त मंडळी.

बायबलमधल्या १ करिंथ २:९ या वचनाचं अलीकडे फारच झालंय. वाढदिवसाला तेच, लग्नाला तेच, नोकरी गेली तरी तेच. डोळ्याने पाहिलं नाही, कानाने ऐकलं नाही, माणसाच्या मनातही कधी आलं नाही असं काही देवाने त्याच्यावर प्रीती करणाऱ्यांसाठी सिद्ध करून ठेवलंय. मागे सूर्योदयाचं चित्र आणि खाली 'आमेन लिहा, आठवडाभरात आनंदाची बातमी येईल'. सूर्योदयाशी माझं काही भांडण नाही. त्या आठवडाभराशी आहे.

करिंथकरांना हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल हे यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातून, ६४व्या अध्यायातून घेतो. अगदी जसंच्या तसं नाही, पण आधार तोच. आणि यशयातली ती प्रार्थना काही सुखात बसून केलेली नाही. मंदिर जळालंय, यरुशलेम ओस पडलंय, आणि हाक चाललीय की देवा, आकाश फाडून खाली ये. बरं, पौल तरी ते कुठे वापरतो? करिंथच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) ज्ञानाची मिजास चालली होती, तुझा गुरू मोठा की माझा, असले वाद. त्यांना तो सांगतो की या जगाच्या अधिकाऱ्यांना देवाचं ज्ञान कळलं असतं तर त्यांनी गौरवाच्या प्रभूला, म्हणजे येशूला, वधस्तंभावर (क्रुसावर) दिलं नसतं. हे आठवं वचन. त्याला लागूनच नववं. म्हणजे कुणाच्या मनातही न आलेली ती गोष्ट सगळ्यात आधी वधस्तंभ आहे. तारणारा असा येईल आणि असा मरेल, हे कुणाच्या डोक्यात आलं असतं?

मग हे वचन पुढच्या आशीर्वादांसाठी वापरायचा आपल्याला हक्क आहे का? माझ्या मते आहे, पण वधस्तंभाला वळसा घालून नाही. तुमचं सांगा. आणि 'स्वर्ग' म्हटल्यावर तुमच्या मनात खरोखर काय येतं तेही लिहा. संडे स्कूलमधलं उत्तर नको.

तळ्यात_मळ्यात

खरंखरं सांगू? कंटाळा. पांढरे झगे, ढग, वीणा आणि न संपणारी उपासना. आमची रविवारची उपासना लांबली की मी घड्याळ बघतो. तिथे घड्याळही नसणार.

(आमचे पाळकसाहेब हा धागा वाचत असतील तर हे दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय.)

सांजवारा

घड्याळाला +१. वाचतेय.

रातपाळी

मी परिचारिका आहे. ज्यांच्या आजारावर आता इलाज नाही, फक्त त्रास कमी करायचा, अशा रुग्णांच्या विभागात काम करते. तिथे हे वचन पुष्कळदा कानावर येतं, बहुतेक वेळा भेटायला आलेल्यांच्या तोंडून.

एक बाई होत्या. मंडळीतले एक गृहस्थ त्यांच्या पलंगाशी उभे राहून नववं वचन वाचत होते, जरा जास्तच मोठ्याने. वाचून पुस्तक मिटायला लागले तशी बाईंनी ऑक्सिजनचा मास्क दोन बोटांनी हनुवटीवर ओढला आणि म्हणाल्या, "पुढचं वाचा की." ते गडबडले. पान हरवलं होतं, परत शोधलं. दहावं वचन: पण देवाने ते आपल्या आत्म्याच्या द्वारे आपल्याला प्रकट केलं. बाईंनी मास्क वर केला. मॉनिटरवर ऑक्सिजन खाली आलेला दिसत होता, म्हणून मी त्यांना रागावलेच.

नंतर विचारलं, दहावंच का? तर म्हणाल्या, "नुसतं नववं ऐकलं की वाटतं सगळं पलीकडेच आहे. मला थोडं इथं मिळालंय."

त्या घाबरत नव्हत्या असं समजू नका. रात्री घाबरायच्या, दिवा चालू ठेवा म्हणायच्या. आशा आली की भीती जाते असं संदेशात सांगतात. मी तसं फारसं पाहिलेलं नाही. दोघी एकाच पलंगावर असतात.

प्रश्नचिन्ह

मी नास्तिक, पण चर्चा बरी चाललीय म्हणून लिहितो. मार्क्सने १८४४ साली धर्माला जनतेची अफू म्हटलं. मेल्यावर मिळेल असं सांगितलं की आज मागणारा गप्प बसतो. गुलामांचे मालक नेमकं हेच सांगायचे: इथे निमूट राबा, वर मुकुट मिळेल. आणि दुसरं म्हणजे, बक्षिसावर डोळा ठेवून चांगलं वागायचं, याला चांगुलपणा कसं म्हणायचं?

रातपाळी

प्रश्नचिन्ह, मी रोज मॉर्फिन देते. तेही अफूतूनच येतं. वेदना कमी करणं हा गुन्हा नाही हो. हाड मोडलेल्याला प्लास्टर न घालता नुसतं मॉर्फिन देत राहिलं तर तो गुन्हा. मार्क्सनेही त्याच परिच्छेदात धर्माला पिचलेल्या जिवाचा सुस्कारा म्हटलंय ना? तो भाग कुणी सांगत नाही.

मीठ_आणि_दिवा

मालकांबद्दल प्रश्नचिन्ह लिहितात ते खरं आहे आणि त्यावर पांघरूण घालू नये. पण गुलामांनी त्याच शास्त्रातून काय उचललं तेही बघा. त्यांनी निर्गम उचललं, मिसरच्या गुलामीतून सुटलेल्या लोकांची गोष्ट. मालकाच्या तोंडचा स्वर्ग आणि गुलामाच्या तोंडचा स्वर्ग एक नव्हता.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांचं शेवटचं भाषण ३ एप्रिल १९६८चं, मेम्फिसमधलं. सफाई कामगारांचा संप चालू होता. दुधामधाच्या रस्त्यांबद्दल बोलणं ठीक आहे, पण इथल्या झोपडपट्ट्यांची आणि तीन वेळ पोटभर न मिळणाऱ्या पोरांची काळजी करायलाही देवाने सांगितलंय, अशा अर्थाचं ते त्यात बोलले. आणि शेवटी म्हणाले की वचनदत्त देश मी पाहिलाय, तुमच्याबरोबर मी तिथे पोहोचेनच असं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांना गोळी घातली. आशेने हा माणूस गप्प बसलेला दिसतो का?

ओलीव्ह

आम्हा कॅथलिकांकडून एक भर. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली आशेवर परिपत्र काढलं, त्याच्या सुरुवातीलाच जोसेफिन बखिता यांची हकिकत आहे. सुदानमधली मुलगी, लहानपणी पळवून नेऊन विकलेली, पुन्हा पुन्हा विकलेली. अंगावर फटक्यांचे १४४ व्रण जन्मभर राहिले. पुढे इटलीत आल्यावर तिने जुन्या मालकिणीबरोबर परत जायला साफ नकार दिला, आणि १८८९ साली व्हेनिसच्या न्यायालयाने ती स्वतंत्र असल्याचा निवाडा दिला. तिची आशा पोप असं मांडतात: माझ्यावर प्रीती केली गेलीय, आणि माझं काहीही होवो, ती प्रीती माझी वाट बघतेय.

मला यातलं 'वाट बघतेय' महत्त्वाचं वाटतं. आपण देवाची वाट बघतो हे नेहमीचंच. पलीकडूनही कुणी आपली वाट बघतंय, हे मनावर घेतलं की गुलाम मालकिणीला नाही म्हणू शकते.

कृपाछाया

तुम्ही सगळे ऐहिक आशीर्वादांना एवढे का बिचकता? देव पिता आहे ना? आमच्या घरात अन्नाची भ्रांत होती तेव्हा आम्ही अभिवचनांवर उभे राहिलो आणि देवाने दार उघडलं. 'आत्मिक आशीर्वाद पुरे' हे म्हणणं पोट भरलेल्यांनाच परवडतं. यिर्मया २९:११ मी रोज म्हणते, देवाचे आपल्याविषयीचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. आणि मार्क १०:३० मध्ये प्रभू स्पष्टच सांगतो की शंभरपट, तेही 'या काळी'.

तळ्यात_मळ्यात

पोट भरलेल्यांचं वाक्य बरोबर वर्मी लागलं.

बारूख

कृपाछायाताई, तुमचं पहिलं म्हणणं मान्य. रोजची भाकर मागायला प्रभूनेच शिकवलंय. पण दोन्ही उतारे शेवटपर्यंत वाचू.

मार्क १०:३०. घरं, भाऊ, बहिणी, आया, मुलं, शेतं, सगळं शंभरपट, आणि त्याच दमात 'छळणुकीसह'. शंभर आया कुणाच्या खासगी खात्यात जमा होत नाहीत. ती मंडळी आहे. येशूच्या नावामुळे ज्याला घराबाहेर काढलं त्याला शंभर घरांची दारं उघडी. (अवांतर: २९व्या वचनात सोडलेल्यांमध्ये बाप आहे, ३०व्या वचनात मिळणाऱ्यांमध्ये बाप नाही. बाप एकच, तो स्वर्गातला, असं काही जण त्यावर म्हणतात.) तुमच्यासाठी दार उघडलं ते कुणाच्या हाताने, ते तुम्हीच सांगा.

यिर्मया २९ हे पत्र आहे, बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं. अकराव्या वचनाआधी दहावं आहे आणि त्यात सत्तर वर्षं आहेत. पत्र ऐकणाऱ्या मोठ्या माणसांपैकी बहुतेक जण तिथेच मरणार होते. त्यांना सांगितलं काय? घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा आहे. तो सांगत होता, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. यिर्मया त्याला आधी 'आमेन' म्हणाला (२८:६), परमेश्वर तसंच करो म्हणाला, आणि मग त्याचं म्हणणं खोटं असल्याचं त्याच्या तोंडावर सांगितलं. आठवडाभरवाले म्हणजे आपले हनन्या.

माझा जीव मात्र ३२व्या अध्यायात अडकलाय. सिद्कीया राजाचं दहावं वर्ष. यरुशलेमाला खास्द्यांचा, म्हणजे बाबेलच्या फौजेचा वेढा. यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत, कारण शहर पडणार असं तो बोलत होता. अशात चुलतभाऊ हनामेल येतो. म्हणतो, अनाथोथचं माझं शेत घे, नातलग म्हणून ते सोडवून घ्यायचा हक्क तुझा आहे. अनाथोथ यरुशलेमाच्या तटाबाहेर, म्हणजे वेढा घालणाऱ्यांच्या बाजूला! अशी जमीन कुणी फुकटसुद्धा घेणार नाही. यिर्मया सतरा शेकेल (तेव्हाचं वजन) चांदी तागडीत तोलून देतो. खरेदीखत लिहितो, सही करतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो. एक प्रत मोहोरबंद, एक उघडी. आणि बारूखाला (माझं इथलं नाव त्याच्यावरून) चौकात सगळ्यांदेखत सांगतो की दोन्ही खतं मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे पुष्कळ दिवस टिकतील. कारण या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील.

मजा पुढे आहे. व्यवहार पुरा झाल्यावर तो प्रार्थनेला बसतो आणि देवालाच विचारतो, वेढ्याचे मोर्चे शहराला भिडलेत आणि तू मला शेत घे म्हणतोस? पैसे आधी मोजले, शंका नंतर काढली. पुढे लोकांनी त्याला मिसर देशात नेलं. त्या शेतात त्याने नंतर पाऊल ठेवल्याची नोंद शास्त्रात नाही.

ख्रिस्ती आशा काय असं कुणी विचारलं तर मी हे खरेदीखत दाखवीन. पीक आपल्या हाती येणार नाही हे दिसत असताना, देवाने सांगितलं म्हणून त्या शेताचे पैसे मोजायचे.

मीठ_आणि_दिवा

वाचनखूण साठवली.

कृपाछाया

दार उघडलं ते मंडळीतल्या एका बाईंच्या हाताने. धान्याची पिशवी दारात ठेवून, बेल न वाजवता गेल्या होत्या. बारूखदादा, मुद्दा पोहोचला. पण मग आजारी माणसाने बरं होण्यासाठी मागायचंच नाही का? तुमचं ऐकून मागायचीच भीती वाटायला लागेल.

जुना_पाळक

मागायचं. रडून, भांडून मागायचं. फक्त इब्री ११ उघडं ठेवून मागायचं. ३४वं वचन: विश्वासाने तलवारीच्या धारेपासून बचावले. ३७वं वचन: तलवारीने मारले गेले. विश्वास तोच, अध्याय तोच, मध्ये दोन वचनं. आणि दोघांविषयी शेवटी एकच लिहिलंय की वचन दिलेलं त्यांना अजून मिळालं नव्हतं. मी दोन्ही प्रकारच्या घरांत प्रार्थना केलीय. दुसऱ्या प्रकारच्या घरात येऊन 'तुमचा विश्वास कमी पडला' असं म्हणणाऱ्या एकाला मी हाताला धरून अंगणात नेलं होतं. तेव्हा अंगात ताकद होती.

तळ्यात_मळ्यात, आता तुझ्या ढगांचं. प्रकटीकरण २१ वाच, योहानाने पाहिलेला शेवटच्या काळाचा दृष्टांत. तिथे माणसं वर जात नाहीत, नगरी खाली येते. नवं आकाश आणि नवी पृथ्वी. तिची मापं दिलीत: लांबी, रुंदी आणि उंची सारखीच, बारा हजार स्टाडिया, म्हणजे सुमारे २,२०० किलोमीटर. एवढं उंच शहर कशाला, असा प्रश्न पडायला हवा. १ राजे ६:२० बघ. शलमोनाच्या मंदिरातलं परमपवित्रस्थान वीस हात लांब, वीस हात रुंद, वीस हात उंच आणि आतून शुद्ध सोन्याने मढवलेलं. तोही घनच. तिथे वर्षातून एकच दिवस, एकटा मुख्य याजक, तोही रक्त घेऊन जायचा. बाकी सगळे बाहेर. योहानाने पाहिलेली नगरी आख्खीच्या आख्खी परमपवित्रस्थान आहे. म्हणून तिच्यात वेगळं मंदिर नाही. सोन्याचे रस्ते ऐकून लोक श्रीमंतीची स्वप्नं बघतात. ते सोनं त्या आतल्या खोलीचं आहे रे, जिथे पाऊल टाकायची कुणाची टाप नव्हती. तिथून आता सगळे चालतायत.

वेशी कधी बंद होत नाहीत. राष्ट्रांचं वैभव आत आणलं जातं, म्हणजे माणसांनी केलेलं सगळंच जळून जात नाही. आणि २२:३ मध्ये त्याचे दास त्याची सेवा करतील असं आहे. नुसतं बसायचं नाहीये.

तळ्यात_मळ्यात

घन! इतके संदेश ऐकले, हे कुणी सांगितलं नव्हतं. काम असेल तर मी येतो.

प्रश्नचिन्ह

किंग यांच्यावरचा प्रतिसाद मान्य. अफूचा मुद्दा अर्धा मागे घेतो, पूर्ण नाही, कारण प्लास्टर न घालणारेच मी जास्त पाहिलेत. पण बक्षिसाचा प्रश्न तसाच राहिला.

जुना_पाळक

मत्तय २५, शेवटच्या न्यायाचा दिवस. राजा उजवीकडच्यांना म्हणतो, जगाच्या स्थापनेपासून तुमच्यासाठी सिद्ध केलेलं राज्य घ्या, मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलं. त्यावर नीतिमान काय म्हणतात? प्रभू, कधी? त्यांना आठवतच नाही. बक्षिसासाठी केलेलं असतं तर तारीखवार सांगितलं असतं.

त्याच उताऱ्यात आणखी एक आहे, घाईत सुटतं. राज्य 'तुमच्यासाठी' सिद्ध केलेलं. डावीकडच्यांना ज्या अग्नीत जायला सांगितलंय, तो सिद्ध केलाय सैतान आणि त्याच्या दूतांसाठी. माणसासाठी म्हणून देवाने तयार केलेलं राज्यच आहे. तिकडे जाणारा दुसऱ्याच्या जागी जातो.

प्रश्नचिन्ह

आणि भुकेल्याला खायला घालणारा, पण विश्वास न ठेवणारा? माझ्या ओळखीत तसे बरेच आहेत.

जुना_पाळक

तारण येशूखेरीज दुसऱ्या कुणाकडून नाही, हे मी शिकवत आलो आणि त्यावर ठाम आहे. पण त्या दिवशी डावी-उजवी बाजू ठरवायचं काम माझ्याकडे दिलेलं नाही, ही माझ्यावरची मोठी कृपा. त्या राजाचा निकाल ऐकून दोन्ही बाजूंचे चकित झालेत एवढं मला वाचता येतं.

सांजवारा

मी आत्तापर्यंत नुसती वाचत होते. भाऊ गेला त्याला फार दिवस झालेले नाहीत. सगळे म्हणाले रडू नकोस, तो चांगल्या जागी आहे. मला चांगली जागा नको होती, तो हवा होता. घन वगैरे छान आहे, पण मला एवढंच सांगा, तो मला ओळखेल का?

मोहरी_दाणा

सांजवारा, रडू नका असं पौलाने थेस्सलनीकाकरांना कुठेही सांगितलेलं नाही. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा शोक करू नका, एवढंच. आणि मेलेल्या मित्राला, लाजराला, थोड्याच वेळात उठवणार हे माहीत असूनही प्रभू त्याच्या कबरेकडे जाताना रडला. तेव्हा रडा. कुणी अडवलं तर त्याला योहान ११:३५ दाखवा, सगळ्यात छोटं वचन आहे, पाठ होतं.

ओळखीचं म्हणाल तर आपल्या हातात एकच उदाहरण आहे, उठलेल्या प्रभूचं. मरियेला तो माळी वाटला, आणि त्याने नावाने हाक मारल्यावर ओळख पटली. हातावर खिळ्यांच्या खुणा होत्या. म्हणजे जे घडून गेलं ते पुसलेलं नव्हतं. यावरून तुमच्या भावाबद्दल मी सगळं सांगू शकत नाही. पण नाव आणि खुणा राहिल्या, हे सांगू शकते.

आणि धाग्याच्या विषयाला धरून, योहान २१. शिष्य रात्रभर जाळं टाकून रिकाम्या हाताने परततायत, काठावर कुणीतरी उभं. त्याच्या सांगण्यावरून पुन्हा जाळं टाकतात तर ते माशांनी भरतं. उतरून बघतात तर कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर. देव सिद्ध करून ठेवतो म्हणजे काय याची आपण मोठमोठी चित्रं काढतो. मरणाला हरवून आलेल्या प्रभूने सिद्ध करून ठेवली होती ती न्याहारी. ज्या शिष्याने, पेत्राने, कोळशाच्या विस्तवाशी त्याला नाकारलं होतं, त्यालाही त्यात वाटा. शिवाय प्रभू म्हणतो, तुम्ही आत्ता धरलेल्यातलेही काही आणा. त्याच्याजवळ मासळी होती की! तरी यांचीही हवी होती. बारूख यांचं शेत आणि जुन्या पाळकांनी सांगितलेलं राष्ट्रांचं वैभव मला इथेच येऊन मिळतं. तो सिद्ध करतो, आणि आपण आणलेलंही त्याच विस्तवावर ठेवतो.

रातपाळी

आज रात्रपाळी आहे. योहान २१ घेऊन जाते. नववं-दहावं आहेच.

तळ्यात_मळ्यात

योहान २१ मध्ये पुढे आकडा दिलाय, मासे १५३. म्हणजे मेलेला प्रभू उठून समोर बसलाय, न्याहारी तयार आहे, आणि कुणीतरी बाजूला बसून मासे मोजतंय! आम्हा अकाउंट्सवाल्यांना जागा आहे म्हणायची.

सांजवारा

माझा भाऊ अकाउंट्समध्येच होता. त्याने दोनदा मोजले असते.